आमसुली छापली तर आमसुलीच दिसायला हवी

गेल्या दिवाळीआधी एका ताईंनी आमच्या शेडकार्डावर बोट ठेवून आमसुली पैठणी सांगितली. साडी पोचल्यावर फोन आला, "अहो, आमसुली मागितली होती, तुम्ही वांगी पाठवलीत." साडी आमसुलीच होती. कार्डावरचा तुकडा मात्र डाळिंबाकडे झुकलेला, आणि तो घरात मीच छापलेला. साडी परत आली, दोन्ही वेळचं कुरिअर माझ्या माथी. त्यानंतर महिनाभर संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की मी प्रिंटरपाशी बसायचे. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे. माझा प्रिंटर सहा रंगांचा, शाईच्या टाकीवाला आहे. तुमचा चार रंगांचा असला तरी क्रम हाच.

पहिली गोष्ट, रंगांना हात लावायच्या आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं पान, काढा. साध्या कागदावर बारीक रेघांची जाळी छापून येते. एखाद्या रंगाची रेघ तुटलेली असेल तर पुढचं सगळं वाया. मजेंटा अडकला की राणी रंग फिका पडतो आणि करडा हिरवट दिसू लागतो, आणि आपण बसतो स्लायडर सरकवत. हेड क्लीनिंग, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाची सफाई, एकदा, फार तर दोनदा करा. तरी उघडलं नाही तर रात्रभर तसंच ठेवून सकाळी पाहा. क्लीनिंगमध्ये शाई भरमसाट जाते, आणि ती वाया जाणारी शाई शोषणारा आतला पॅडही भरत जातो. आमच्याकडे येवल्यात एप्रिल-मेमध्ये शाई हेडवरच वाळते, म्हणून आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक छोटं पान मी काढतेच.

शाई आणि कागद ठरवा आणि मग बदलू नका. मी एकदा बाजारातली स्वस्त शाई भरली होती. काळ्या-पांढऱ्या फोटोला हिरवी झाक आली, टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरेपर्यंत स्वस्ताईचा हिशेब उलटा झाला. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कागदाचा प्रकारही खरा तोच निवडायचा. किती शाई ओतायची हे प्रिंटर त्यावरून ठरवतो. ग्लॉसी कागद घालून 'प्लेन' निवडलं तर रंग मळकट येणार, त्यात प्रिंटरचा दोष नाही.

आता स्क्रीन. "छपाई काळपट येते" ही तक्रार मी ज्या-ज्या वेळी ऐकली, त्यातल्या बहुतेक वेळी स्क्रीनच डोळे दिपवणारी असते. नाईट लाइट बंद करा. कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी चांगल्या उजेडात धरा, स्क्रीनवरही पांढरं पान उघडा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्या. माझा लॅपटॉप शंभरावरून पस्तिसावर आला. स्क्रीनचा उजेड मोजायचं यंत्र असेल तर छपाईसाठी तो ८० ते १२० कँडेला दर चौरस मीटर ठेवतात. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या फोटोग्राफरकडून एका दुपारपुरतं आणलं तरी भागतं.

फोटो काढतानाच रंग बिघडला तर पुढे काही करता येत नाही. मी साडी सकाळी ओटीवर, सावलीत पसरते आणि कोपऱ्यात करडं कार्ड ठेवते. मग सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपरचं चिन्ह त्या करड्यावर टेकवायचं की झालं. मोबाइल आपल्या मनाने लाल रंग भडक करतो, म्हणून शेडकार्डासाठी त्याचा ऑटो फोटो मी घेत नाही.

माझी आमसुली मात्र वेगळ्याच ठिकाणी मेली होती, आणि बऱ्याच जणांची तिथेच मरत असणार. प्रत्येक यंत्राचा लाल वेगळा असतो. तो फरक भरून काढायला आयसीसी प्रोफाइल नावाची फाइल असते; ज्या संस्थेच्या नावाने ती ओळखली जाते ती १९९३ साली स्थापन झाली. अमुक प्रिंटर, अमुक शाई, अमुक कागद एकत्र आले की रंग कसा उतरतो, एवढंच त्या फाइलीत लिहिलेलं असतं. तिघांपैकी एक बदललं की फाइल निकामी. ती फाइल पाहून रंगांचं रूपांतर फोटोशॉपही करू शकतो आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही. दोघांनी केलं तर एकाच भाजीत सासूने मीठ घालावं आणि सुनेनेही घालावं, तसं होतं. माझ्याकडे नेमकं तेच चाललं होतं. फोटोशॉपने आमसुली बरोबर करून पाठवली आणि ड्रायव्हरने "जरा उठाव देतो" म्हणत तिला लाल करून टाकली.

म्हणून काम एकालाच द्या. कागदाची प्रोफाइल हाताशी असेल तर ते फोटोशॉपला द्या. प्रोफाइल कागदाच्या किंवा प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवर मिळते. विंडोजमध्ये फाइलीवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल प्रोफाइल' म्हणायचं. मग प्रिंटच्या खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स', खाली ती प्रोफाइल, आणि लगेच प्रिंट सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हरचा हात बांधायचा. एप्सनमध्ये कलर करेक्शन 'कस्टम' करून आत 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट'. कॅननमध्ये रंगाच्या मॅन्युअल सेटिंगमध्ये 'मॅचिंग' टॅबवर 'नन'. ही दुसरी पायरीच लोक विसरतात. प्रोफाइल नसेल तर उलट करा: फोटोची फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा आणि सगळं प्रिंटरवर सोपवा. रंग अगदी तंतोतंत नाही, पण बरा येतो.

एवढं करूनही काही रंग येतच नाहीत. स्क्रीनवरचा राणी आणि चिंतामणी निळा हे उजेडाचे रंग आहेत. कागदावर ते तीन-चार शायांच्या मिश्रणातून उभे करायचे असतात, आणि त्या मिश्रणाची पोच ठरलेली असते. गडद निळा तर हमखास जांभळ्याकडे पळतो, कारण निळा होतो सायन आणि मजेंटा मिळून, आणि मजेंटा जरा वरचढ झाला की संपलं. छापायच्या आधी फोटोशॉपमध्ये 'प्रूफ सेटअप'मध्ये आपली प्रोफाइल निवडून कंट्रोल-वाय दाबा, कागदावर साधारण काय येणार ते दिसतं. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की पोचेबाहेरचे रंग करड्याने झाकले जातात. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी अर्धी राणी साडी करडी झाली, बघून हसूच आलं. पोचेबाहेरच्या रंगांचं काय करायचं ते 'रेंडरिंग इंटेंट'मध्ये ठरतं; तिथे शेडकार्डाला मी 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' ठेवते, कारण छापता येण्याजोगे रंग त्यात जागचे हलत नाहीत. भडक रंगांच्या फोटोला 'पर्सेप्चुअल' बरं; त्यात सगळेच रंग थोडे आत ओढले जातात, पण एकमेकांतलं नातं टिकतं.

धूपछाव साडीचा नाद सोडा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. मान हलवली की रंग बदलतो. कागद तसं कुठून करणार? मी त्या साडीचे दोन कोनांतले दोन तुकडे शेजारी-शेजारी छापते. जरीचंही तेच, कागदावर ती पिवळट तपकिरीच दिसते. ते मी कार्डाखाली सरळ लिहून टाकलंय.

राहिलेला फरक फाइलीतच काढायचा, ड्रायव्हरचे स्लायडर हलवून नाही. अख्खं पान कशाला जाळायचं? मी बोटभर रुंदीच्या पट्टीवर एकाच रंगाचे नऊ चौकोन छापते, मधला मूळ आणि बाकीच्यांत लाल-निळ्याचं थोडं कमी-जास्त. पट्टी छापल्या-छापल्या पाहायची नाही. शाई वाळता-वाळता रंग बदलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी, साडीच्या फोटोशी नव्हे तर रंगवलेल्या रेशमाच्या लडीशी खिडकीपाशी ताडून पाहते. रेशमाचा रंग आणि कागदावरची शाई खिडकीत जुळली तरी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फारकत घेऊ शकतात, त्यामुळे दोन्हीकडे बघते. छपाई पाहण्यासाठी ५००० केल्विनचा उजेड प्रमाण धरतात. माझ्या खिडकीतला सकाळी दहाचा उजेड मला पुरतो.

आमसुली सातव्या पट्टीवर जुळली. तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय: मॅट कागद, कंपनीची शाई, रिलेटिव्ह, लाल उणे चार, निळा अधिक दोन.