समुद्रावर घारीसारखं काहीतरी दिसलं? फ्रिगेटबर्ड कसा ओळखायचा

पावसाळ्यात दोन-तीन दिवस वारा पिसाटल्यासारखा सुटला की कोकणच्या किनाऱ्यावर मान वर करून फिरायचं, कारण एरवी भर समुद्रात असणारे फ्रिगेटबर्ड अशा वाऱ्यात कधीकधी ढकलले जाऊन किनाऱ्यापर्यंत येतात आणि आपण "घार आहे रे" म्हणून सोडून देतो. मी पण सोडलाय एकदा, अजून हळहळतो.

आधी रंग बघू नका, आकार बघा. घारीच्या पंखांची टोकं बोटं पसरल्यासारखी दिसतात, याची एकदम टोकदार, आणि पंख मध्येच कोपरात मोडल्यासारखे. शेपूट कात्रीसारखी खोल दुभंगलेली, पण बऱ्याचदा ती मिटलेली असते म्हणून एकच लांब सुळका वाटतो, तिथेच फसायला होतं. चोच लांब आणि टोकाला आकडा. शिवाय हा पठ्ठ्या मिनिटं-मिनिटं पंखच हलवत नाही.

मग पोटाकडून फोटो काढा, हललेला चालेल, पण काख दिसली पाहिजे. हो, काखच! यात दोन जाती वेगळ्या करायच्या, लेसर म्हणजे लहान आणि ग्रेट म्हणजे मोठा. संपूर्ण काळा पक्षी आणि काखेत पांढरा पट्टा असेल तर लेसर फ्रिगेटबर्डचा नर. काखसुद्धा काळी असेल तर ग्रेटचा नर. मादीची छाती दोन्हींत पांढरी, पण लेसरच्या मादीचा गळा काळा, आणि ग्रेटच्या मादीचा राखाडी-पांढरट. तांबूस डोक्याचं पिल्लू दिसलं तर नुसतं "फ्रिगेटबर्ड" लिहून मोकळे व्हा, त्यात भलेभले चुकतात. गंमत म्हणजे मोठ्याचं, म्हणजे ग्रेटचं, शास्त्रीय नाव फ्रेगाटा मायनर! पंख पसरले की दोन मीटरच्या वर जातो आणि नाव मायनर, म्हणजे लहान.

नराची ती फुग्यासारखी लाल पिशवी इथे शोधत बसू नका. ती फुगते विणीच्या जागी, सेशेल्सच्या अल्डाब्रासारख्या बेटांवर, झुडपात बसून मादीला बोलवायला. एरवी आकसलेली असते, लांबून कळतही नाही.

आता सवयी, कारण त्यावरूनही ओळख पक्की होते. समुद्रपक्षी असून हा पाण्यावर बसत नाही, पिसं पाणी नीट अडवत नाहीत आणि पाय एवढेसे, बसला तर उठायची पंचाईत. म्हणून उडते मासे आणि माकूळ (स्क्विड) वरच्यावर चोचीने उचलायचे, नाहीतर दुसऱ्या पक्ष्याच्या पाठी लागून त्याला खाल्लेलं ओकायला लावायचं आणि ते हवेतच झेलायचं, चक्क दरोडेखोर! वजन जेमतेम दीड किलो, त्यामुळे ढगांखालच्या वर चढणाऱ्या हवेवर फुकट तरंगतो. २०१६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासांत ग्रेट फ्रिगेटबर्ड दोन-दोन महिने न उतरता उडताना सापडले, आणि उडतानाची झोप दिवसाला सरासरी फक्त ४२ मिनिटं. जमिनीवर मात्र हाच तासन्‌तास झोपतो. अंडं एकच, आणि पिल्लू उडायला लागल्यावरही आई कितीतरी महिने भरवत राहते, म्हणून मादी दरवर्षी अंडं घालूच शकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाळूवर थकून बसलेला दिसला तर "समुद्राचा आहे ना" म्हणून उचलून पाण्यात सोडू नका, बुडेल बिचारा. कुत्री हाकला, अंगावर टॉवेल टाका, चोच जपून धरा कारण आकडा चांगलाच लागतो, आणि भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतायचं नाही, मासा कोंबायचा नाही. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा, आणि ते येईपर्यंत सेल्फीवाल्यांना जरा लांब ठेवा.