ट्रेकच्या खिचडीसाठी भाज्या वाळवताना

राजगड-तोरण्यावर मुक्कामी जाताना ताज्या भाज्यांचं ओझं नको असेल, तर त्या वैशाखातल्या कडक उन्हातच वाळवून ठेवा. पावसाळी दमट हवेत वाळत घातल्या तर बुरशी धरते. गाजर आणि फरसबी पातळ, एकसारखी चिरा. उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढा आणि नीट निथळू द्या. कितीही घाई असली तरी हे टाळू नका, नाहीतर काही आठवड्यांत रंग आणि वास उतरतो, गडावर शिजायलाही वेळ लागतो. कांद्याला याची गरज नाही. ड्रायर असेल तर ६० अंश सेल्सिअस पुरे.

तुकडा वाकला तर आत ओल आहे. तो कडकन मोडायला हवा. पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा आणि आठवडाभर रोज हलवून बघा. आतून दव दिसलं तर लगेच परत वाळवा. बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. तेलात परतलेली भाजी वाळवू नये, तेल खवट होतं.

गडावर अर्धा तास भिजवून त्याच पाण्यासकट डाळ-तांदळात घाला.