काढता-घालता येणारी विंडशील्ड निवडताना या चुका टाळा

मोटरसायकलसाठी विंडशील्ड घेताना सर्वाधिक चुकते ती उंची. काच जितकी उंच तितका वारा कमी, या समजुतीने सर्वांत मोठी काच आणली जाते आणि मग रस्ता काचेतून पाहावा लागतो. माझ्या एका सोबत्याने, वारंवार सांगूनही, अशीच काच बसवली. परतीच्या वाटेवर रात्री पाऊस लागला. बाहेरून थेंब, आतून श्वासाची वाफ आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा प्रकाश त्या थेंबांत पसरून सगळी काच पांढरी होत होती. मोटरसायकलच्या काचेला वायपर नसतो. तो मान उंचावून, जवळजवळ उभ्यानेच गाडी चालवू लागला, तेव्हा मी त्याला एका छपराखाली थांबवले. काच काढता येण्याजोगी होती, परंतु तिचे बोल्ट सोडवणारी अ‍ॅलन की घरी राहिली होती, त्यामुळे पाऊस ओसरेपर्यंत आम्हाला तिथेच थांबावे लागले.

म्हणून खरेदीपूर्वी नेहमीचे हेल्मेट घालून, नेहमीच्या बैठकीत गाडीवर बसावे, कोणाला तरी समोर पुठ्ठा धरायला सांगावा आणि वरची कड साधारण नाकाच्या शेंड्याच्या पातळीला ठेवावी. नजर काचेवरून गेली पाहिजे. काच दुकानातच एकदा स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून पाहावी. काढण्यासाठी हत्यार लागत असेल, तर मी ते गाडीवरच ठेवतो.

हेल्मेटवर वाऱ्याचे धक्के बसू लागले की नवशिके लगेच दुसरी काच शोधतात. आधी काचेचा कोन किंचित बदलावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा जाऊन पाहावे. एका वेळी एकच बदल करण्याइतका धीर नसेल, तर नेमके काय बिघडले ते कधीच कळत नाही.

क्लॅम्पच्या, म्हणजे काच हँडलबारला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या बाबतीत अंदाज मुळीच चालत नाही. हँडलबार बहुधा 22 किंवा 25.4 मिलिमीटर जाडीचा असतो; क्लॅम्प बसेल त्या जागी व्हर्नियरने, म्हणजे जाडी अचूक मोजण्याच्या साधनाने, मोजावे. सैल क्लॅम्पखाली रबराची पट्टी गुंडाळणे हा उपाय मला अजिबात मान्य नाही, कारण वाऱ्याच्या दाबाने काच हळूहळू फिरते आणि केबलींवर टेकते. बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. इंजिनाचा आवाज वाढला तर थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटरची) केबल ताणली जात आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये. हँडलबारवर बसवलेली मोठी काच वाऱ्याचा जोर थेट हँडलवर आणते, म्हणून सतत वेगात जाणाऱ्याने हँडलबरोबर न वळणारी, गाडीच्या सांगाड्यावर (फ्रेमवर) बसणारी काच निवडावी.

गडद रंगाची काच रात्रीच्या प्रवासासाठी घेऊ नये. बोल्ट अति आवळल्यास छिद्राभोवती तडे जातात. रबरी वॉशर वगळू नयेत. पॉलिकार्बोनेटची (पारदर्शक प्लास्टिकची) काच पेट्रोलने किंवा अमोनिया असलेल्या द्रवाने पुसू नये. वाळलेले किडे खरवडण्याऐवजी ओले फडके काही वेळ काचेवर ठेवावे, म्हणजे ते मऊ पडून ओरखडे न उठता निघतात.