फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलं तर

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नवीन शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये हे हमखास सापडतं. वय विचारणारं फंक्शन असतं आणि भलतंच काही टाइप झालं तर पुन्हा विचारायचं म्हणून 'एक्सेप्ट'खाली, म्हणजे 'ट्राय'मध्ये चूक झाली तर चालणाऱ्या भागात, त्याच फंक्शनला परत बोलावलेलं असतं. वाटतं, आपण प्रोग्रामला 'वर जा' म्हटलं. पण तो वर जात नाही. आधीचा कॉल (फंक्शनला बोलावणं) अर्धवट ठेवून नवा उघडतो, आणि नवा संपला की त्या अर्धवट कॉलकडे येतो.

करून बघा. आधी अक्षरी 'बारा' टाइप करा, मग २०. (देवनागरी आकडे बिनधास्त टाका, टाइप केलेल्याचा आकडा करणाऱ्या 'इंट'ला ते कळतात.) आतला कॉल २० परत देतो, पण बाहेरच्या कॉलमध्ये ते कुणी घेतच नाही. हाती येतं 'नन', म्हणजे काहीच नाही, आणि पुढे वय १८ पेक्षा जास्त आहे का हे तपासताना 'टाइपएरर'. पहिल्या फटक्यात बरोबर वय टाकणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून ती फार छळते.

आतल्या कॉलआधी 'रिटर्न' (उत्तर परत दे) लिहिलं की २० बाहेर येतात, पण कॉलवर कॉल चढणं थांबत नाही. असे एकावर एक चढलेले कॉल किती चालतील याची पायथॉनची मर्यादा एरवी १००० असते. ती ओलांडली की 'रिकर्शनएरर'. मर्यादा वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अख्खा प्रोग्रामच कोसळू शकतो.

त्यापेक्षा स्वतःला बोलावणारी ओळ खोडा. फंक्शनमधलं सगळं 'व्हाइल ट्रू'च्या, म्हणजे थांबवेपर्यंत फिरत राहणाऱ्या लूपच्या, आत सरकवा. 'ट्राय'मध्ये आकडा मिळाला की तिथूनच 'रिटर्न' करा, लूप आपोआप सुटतो. 'एक्सेप्ट'मध्ये फक्त "आकड्यात लिहा" एवढं छापा. आणि 'एक्सेप्ट'पुढे 'व्हॅल्यूएरर' (आकडा न होणारं काही टाइप झाल्यावर येणारी चूक) लिहाच! नुसतं 'एक्सेप्ट' ठेवलंत तर प्रोग्राम थांबवणारं कंट्रोल-सी सुद्धा गिळलं जातं आणि लूप थांबवता येत नाही.

खर्चाच्या हिशेबासारख्या प्रोग्राममधल्या मेनूचंही तसंच. मेनू 'खर्च लिहा'ला बोलावतो आणि 'खर्च लिहा' शेवटी पुन्हा मेनूला. मेनू लूपमध्ये ठेवा आणि ती शेवटची ओळ काढा. फंक्शन संपलं की आपण मेनूच्या लूपमध्येच परत येतो. 'बाहेर पडा' निवडलं की 'ब्रेक' लिहून लूप तोडा.

फोल्डरमधले फोल्डर धुंडाळायचे असतील तर रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, खुशाल वापरा, तिथे ते शोभतं. बाकी दुरुस्ती झाली की आधी तीन-चारदा मुद्दाम चुकीचं टाइप करा, मग बरोबर, आणि परत आलेलं वय छापून बघा.