जर-तरची तिसरी ओळ

अकरावीला कला शाखेत तर्कशास्त्र घेतले तेव्हा सुरुवातीला सगळे सोपे वाटले. 'आणि', 'किंवा', 'नाही' यांची सत्यता कोष्टके, म्हणजे भाग खरे-खोटे असताना पूर्ण विधान खरे की खोटे हे दाखवणारे तक्ते, झरझर भरता यायची. मग फळ्यावर 'जर-तर' आले आणि मी तिसऱ्या ओळीवर अडकले. पूर्वांग ('जर'चा भाग) असत्य, उत्तरांग ('तर'चा भाग) सत्य, मग पूर्ण विधान? सत्य! म्हणजे 'जर पुणे समुद्रकिनारी असेल तर दोन आणि दोन चार होतात' हे खरे. चौथ्या ओळीप्रमाणे, म्हणजे दोन्ही भाग असत्य असताना, 'तर दोन आणि दोन पाच होतात' हेसुद्धा खरे. कोष्टक पाठ करून गुण मिळवले, पण खुटखुट एम. ए. होईपर्यंत राहिली. आता हा विषय नव्याने घेणारी मुले तोच प्रश्न मला विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक दिलासा. हे कोडे फार जुने आहे. प्राचीन ग्रीसमध्ये फिलो हा तर्कज्ञ आणि त्याचे गुरू डायोडोरस क्रोनस यांच्यात यावरून मतभेद होते. पूर्वांग खरे आणि उत्तरांग खोटे असेल तेवढ्याच वेळी विधान खोटे, असे फिलो म्हणे. आपले कोष्टक त्याच्याच बाजूचे. डायोडोरसला एवढ्याने भागत नव्हते. तसे घडणे कधीच शक्य नसले पाहिजे, ही त्याची अट होती. छपरावरचे कावळेसुद्धा कोणते जर-तर खरे यावर कावकाव करताहेत, असे कवी कॅलिमाखसने लिहून ठेवले आहे.

माझी गाठ सुटली ती एका साध्या गणिती वाक्याने. 'कोणत्याही संख्येला 4 ने भाग जात असेल तर तिला 2 ने भाग जातो.' यावर कुणाचा आक्षेप नसतो. मग त्यात एकेक संख्या घालून बघा. 8 घातले तर दोन्ही भाग खरे. 6 घातले तर पहिला खोटा, दुसरा खरा. 7 घातले तर दोन्ही खोटे. वाक्य 'कोणत्याही' संख्येबद्दल आहे, म्हणजे ते 6 आणि 7 साठीही खरे ठरलेच पाहिजे. तिसरी आणि चौथी ओळ ती हीच. पहिला भाग खरा आणि दुसरा खोटा अशी संख्या मात्र शोधूनही सापडणार नाही. तेव्हापासून जर-तर दिसले की मी एकच प्रश्न विचारते: हे वाक्य कोणत्या परिस्थितीत खोटे पडेल? कोष्टक त्यातूनच उभे राहते, पाठ करावे लागत नाही.

बोलण्यातले जर-तर यापेक्षा जास्त काही सांगते, हेही तितकेच खरे. 'भांडी घासलीस तर आइस्क्रीम देईन' म्हटले की मूल ऐकते, 'नाही घासलीस तर नाही.' वाक्यात ते कुठेही नाही, ऐकणारा ते भरून घेतो. गाइस आणि झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये याच सवयीवर बोट ठेवले. बोलण्यात ती रास्त आहे, पण युक्तिवाद तपासताना तीच घात करते. न्यायशास्त्रातले, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातले, जुने उदाहरण आठवा. धूर आहे तिथे अग्नी आहे, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. भूमितीत व्यत्यास (उलट केलेले विधान) वेगळा सिद्ध करावा लागतो तो यासाठीच.

मराठीत शिकणाऱ्यांनी एका अक्षरावर नजर ठेवावी, ते म्हणजे 'च'. 'वय 18 पूर्ण असेल तरच मतदान करता येते.' मुले घाईत 'जर'कडून 'तर'कडे जाणारा बाण वयाकडून मतदानाकडे काढतात. पण 18 पूर्ण झाले आणि यादीत नाव नसले तर मत देता येत नाही. हे वाक्य सांगते ते एवढेच: मत दिले असेल, तर वय 18 पूर्ण आहे. 'तर'चा 'तरच' झाला की बाण उलटा फिरतो. परीक्षेत माझे सर्वांत जास्त गुण इथेच गेले.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण मात्र अगदी चोख आहे. पोहऱ्यात असेल तर आडात आहे, हे तीच गोष्ट दोन्ही बाजू नाकारून आणि उलटवून सांगणे झाले, आणि ते नेहमी चालते.

'आत्याबाईला मिशा असत्या तर' हा प्रकार कोष्टकात घालू नका. आत्याबाईला मिशा नाहीत, त्यामुळे पुढे काहीही जोडले तरी ते कोष्टकात खरेच ठरेल. मराठी क्रियापद 'असत्या' म्हणून आधीच बजावते की हे घडलेले नाही. अशा वाक्यांसाठी स्टॉलनेकर आणि डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञांनी शक्य जगांची मांडणी केली, ती पुढे शिकालच.

सरावासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनने 1966 मध्ये मांडलेला पत्त्यांचा खेळ घरी करून बघा. चार पत्ते: अ, क, 4, 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम मोडला आहे का हे कळायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण अ आणि 4 म्हणतात. उत्तर अ आणि 7.

माझी मावशी एसटीत वाहक आहे. तिनेही 4 वरच बोट ठेवले. मग मी तिला तिच्या गाडीतले चार प्रवासी दिले. एकाकडे ज्येष्ठांचे मोफत तिकीट, एकाकडे पूर्ण तिकीट, एक आजोबा 80 वर्षांचे, एक बाई 60 वर्षांच्या. नियम: ज्येष्ठांचे मोफत तिकीट असेल तर वय 75 पूर्ण हवे. कुणाला तपासशील?

"मोफतवाल्याचं वय बघेन आणि साठीच्या बाईंचं तिकीट," ती लगेच म्हणाली. "आजोबांनी पैसे देऊन काढलं असेल तर काढू दे की, त्यात कुठला नियम मोडतो?" मग पत्त्यांकडे बघत जरा थांबली, आणि 4 वरचे बोट उचलून तिने 7 वर ठेवले.