पार्टिशन उडवलं आणि लॅपटॉप सुरूच होईना? या चुका टाळा

जागा हवी म्हणून उबुंटूचं (लिनक्सचा एक प्रकार) जुनं पार्टिशन उडवलं, किंवा 'हे शंभर एमबीचं कशाला ठेवायचं' म्हणत तेही काढलं, आणि रीस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन. अशा वेळी विंडोज आणि फाइली बहुतेकदा जागच्या जागी असतात. गेलेली असते ती सुरुवातीची बूट व्यवस्था. खरं नुकसान होतं ते त्यानंतर घाईघाईत केलेल्या उपायांनी.

स्क्रीन न वाचताच विंडोज नव्याने टाकणं

स्क्रीनवर 'ग्रब' (लिनक्सचा बूट प्रोग्राम) दिसत असेल तर विंडोजला धक्काही लागलेला नाही. ग्रबची सुरुवातीची फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये (बूट फाइली ठेवणारं छोटं पार्टिशन, बहुधा तेच शंभर एमबीचं) शिल्लक आहे. तिला लागणारं बाकीचं सामान मात्र उडवलेल्या लिनक्स पार्टिशनमध्ये होतं. लॅपटॉप चालू करताच बूट मेन्यूची की दाबा (डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसूसवर एस्केप) आणि 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. विंडोज उघडलं की बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तोच पर्याय सर्वात वर आणा. काम झालं.

बायोसमध्ये दिसेल ते बदलणं

'लेगसी' किंवा 'सीएसएम' (जुनी बूट पद्धत) चालू करून पाहा, असा सल्ला हमखास मिळतो. यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने जीपीटी डिस्कवर (पार्टिशनांची नोंद नव्या पद्धतीने ठेवणाऱ्या) टाकलेलं विंडोज लेगसीत सुरू होतच नाही. शिवाय सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सेटिंगना हात लावला की बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असतं. म्हणून आधी मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की शोधून लिहून ठेवा.

ईएफआय पार्टिशनच गेलं असेल तर

'बूट होण्याजोगी डिस्क नाही' असा संदेश येतो आणि बूट मेन्यूत विंडोजचं नावही दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंट हे पार्टिशन सहसा काढू देत नाही. ते जातं डिस्कपार्टच्या (विंडोजचं कमांडवर चालणारं पार्टिशन टूल) 'ओव्हरराइड'मुळे किंवा लिनक्सच्या जीपार्टेड टूलमधून. 'बूटरेक' लिहून 'फिक्सएमबीआर' देण्याचा जुना उपाय इथे निरुपयोगी, तो जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कसाठी आहे. 'फिक्सबूट' तर अनेकदा 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणतं. त्याच्याशी झटापट करत बसू नका, पार्टिशन नवं बनवा.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर, किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलर तयार करा. त्यावरून लॅपटॉप सुरू करून पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी कमांड विंडो उघडेल. पुढच्या कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क ०
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=१००
लिस्ट पार्टिशन
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=झेड
लिस्ट व्हॉल्यूम
एक्झिट

इथे तीन ठिकाणी घात होतो. पहिलं, डिस्क ० म्हणजे लॅपटॉपचीच डिस्क असं धरून चालू नका, कधी तो पेन ड्राइव्हही असतो. जीबीचा आकडा बघून ठरवा. दुसरं, फॉरमॅटच्या आधीच्या यादीत तारकेचं (*) चिन्ह नव्या १०० एमबीच्या ओळीसमोरच हवं. तिसरं, इथे विंडोजचं ड्राइव्ह सी असेलच असं नाही, डी किंवा ईसुद्धा असतं; 'लिस्ट व्हॉल्यूम'मध्ये आकारावरून ओळखा. आणि 'क्लीन' ही कमांड चुकूनही नको, ती सगळी पार्टिशनं पुसते.

यादीत एसएसडीच नसेल तर ती मेली असं समजू नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेलचा आरएसटी नावाचा तो ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन लोड करा.

शेवटची कमांड (विंडोजचं अक्षर सी निघालं असं धरून):

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय

बूट फाइली तयार झाल्याचा संदेश आला की पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा.

डेटाचं पार्टिशन गेल्यावर तिथेच नवं बनवणं

एसएसडीवर क्विक फॉरमॅटसुद्धा घातक. त्यासोबत ट्रिमचा (ही जागा पुसून टाक, असा एसएसडीला सांगणारा) आदेश जातो, आणि मग जुन्या फाइली परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. रिकामी झालेली जागा तशीच राहू द्या. उबुंटूच्या लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणारा पेन ड्राइव्ह) टेस्टडिस्क हे गेलेली पार्टिशनं शोधणारं टूल चालवा: ॲनलाइझ, मग क्विक सर्च. सापडलेल्या पार्टिशनवर 'पी' दाबून फाइलींची नावं नीट दिसतात का बघा, महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच 'राइट' करा. नावं अगम्य असतील तर 'राइट' नको, 'डीपर सर्च' करा.

फक्त रिकव्हरी पार्टिशन गेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. विंडोज सुरू होतं. दुरुस्तीसाठी मात्र पेन ड्राइव्ह लागेल.