व्हिमचा पहिला सराव, तालुक्यांच्या यादीवर

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडून थेट टाइप करायला गेलं की अक्षरं उमटत नाहीत, कर्सर भलतीकडे जातो, कधी अख्खी ओळच गायब होते. बिघाड काही नसतो. व्हिम उघडतो तो नॉर्मल मोडमध्ये, आणि तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे एक हुकूम असतो. लिहिण्यासाठी इन्सर्ट मोडमध्ये जायचं, लिहून झालं की एस्केप दाबून लगेच परत यायचं. इन्सर्टमध्येच मुक्काम ठोकणाऱ्याला व्हिमचा काहीच फायदा मिळत नाही.

इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या उच्चाराचं इंग्रजी लहान अक्षर दाबायचं. ‘मोठा’ लिहिलं असेल तिथे शिफ्टसह.

लिनक्सवर ‘व्हीआय’ (व्हिमचा पूर्वज असलेल्या एडिटरचं नाव) उघडून इन्सर्ट मोडमध्ये बाणाची कळ दाबल्यावर ए, बी, सी, डी उमटत असेल, तर तुमच्याकडे व्हिमची छोटी आवृत्ती आहे. उबुंटूवर हे हमखास होतं. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल व्हिम’ करून पूर्ण आवृत्ती घ्या.

आता सराव. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ‘व्हिम’ आणि फाइलचं नाव लिहून एंटर करा. ‘आय’ दाबा. पहिल्या ओळीत ‘धुलिया जिल्हा’ लिहा, तेही इंग्रजी लिपीत आणि धुळ्याच्या जुन्या स्पेलिंगने. खाली एकेका ओळीत नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, मग धुलिया, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. एस्केप दाबा. मग कोलन, डब्ल्यू, एंटर. फाइल सेव्ह झाली.

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पहिले सहा तालुके आता खाली हलवायचे. ‘जीजी’ने फाइलच्या माथ्यावर या, ‘जे’ने एक ओळ खाली उतरा. ‘६ डीडी’ दाबा. सहा ओळी कापल्या गेल्या. ‘मोठा जी’ शेवटच्या ओळीवर नेतो, ‘पी’ कापलेल्या ओळी तिच्याखाली चिकटवतो. कर्सर आपोआप नंदुरबारवर येतो. तिथेच ‘मोठा ओ’ दाबलं की वर कोरी ओळ उघडते. ‘नंदुरबार जिल्हा’ लिहा, एस्केप.

चुकलात तर ‘यू’. एकेक पाऊल मागे जाता येतं, आणि जास्तच मागे गेलात तर कंट्रोल-आर पुढे आणतो. एक खोच ध्यानात असू द्या: ‘डीडी’ पुसत नाही, कापतं. ‘पी’ करण्याआधी दुसरी ओळ ‘डीडी’ केलीत, तर ‘पी’ ती नवी ओळ चिकटवेल. कापायचं नसून नक्कल हवी असेल तर ‘वायवाय’.

आता स्पेलिंग सुधारा:

:%एस/धुलिया/धुळे/जीसी

टक्क्याचं चिन्ह म्हणजे सगळी फाइल. ते विसरलात तर फक्त चालू ओळ बदलते. ‘जी’ नसेल तर प्रत्येक ओळीतला पहिलाच ‘धुलिया’ बदलतो. ‘सी’मुळे प्रत्येक ठिकाणी विचारणा होते: वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको. मोठ्या फाइलवर ‘सी’ सोडू नका.

बाहेर पडायला :डब्ल्यूक्यू, काही न साठवता पडायचं तर :क्यू!. दोन्हीच्या आधी एस्केप, नाहीतर ही अक्षरं फाइलमध्येच जाऊन बसतात.

नॉर्मल मोडमध्ये ‘जे’ कर्सर खाली नेतो, तसाच ‘एच’ डावीकडे, ‘के’ वर आणि ‘एल’ उजवीकडे. कर्सरसाठी हीच अक्षरं का? बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय लिहिला तो त्या काळच्या एडीएम-३ए या टर्मिनल यंत्रावर, आणि त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. बाणांच्या कळा चालत असतील तर सुरुवातीला खुशाल त्याच वापरा.

मराठीत लिहिणाऱ्यांची खास अडचण वेगळीच. कीबोर्ड मराठी लेआउटवर राहिला की एस्केपनंतर ‘डीडी’ दाबूनही काही होत नाही, कारण व्हिमला डी मिळतच नाही, देवनागरी चिन्ह मिळतं. मराठी मजकूर संपला की आधी लेआउट इंग्रजी करा, मग कमांड द्या. कॅप्स लॉकही तसाच घात करतो: मोठा जे कर्सर खाली न नेता दोन ओळी जोडून टाकतो.

सवयीने कंट्रोल-एस दाबलंत आणि टर्मिनल गोठलं, तर कंट्रोल-क्यू. कंट्रोल-झेडने व्हिम नाहीसा झाला तर तो मागे थांबलेला असतो. ‘एफजी’ लिहून एंटर करा.

लाइट गेली आणि मशीनला इन्व्हर्टर नसला, तरी सगळं जात नाही. २०० अक्षरं टाइप झाल्यावर किंवा चार सेकंद हात थांबल्यावर व्हिम एका लपलेल्या स्वॅप फाइलमध्ये नोंद करत असतो. तीच फाइल पुन्हा उघडल्यावर मोठा इशारा दिसतो. घाईने ‘ई’ दाबू नका, ‘आर’ दाबा. मजकूर तपासा, :डब्ल्यूक्यू करा. फाइल परत उघडली की तोच इशारा येईल, आता ‘डी’ दाबून स्वॅप फाइल काढून टाका. लाइट गेलेली नसताना हा इशारा आला, तर फाइल बहुधा दुसऱ्या खिडकीत उघडी आहे. तेव्हा ‘क्यू’ दाबून तिकडे जा.